सातवी फळी

पोळा झाला की माझं जेवण कमी होतं. बैलांनी पुरणपोळ्या खाल्ल्या आणि अजीर्ण मात्र तुम्हाला झालं, असं बायको दर वर्षी म्हणते आणि माझ्या ताटातली अर्धी भाकरी परत दुरडीत ठेवते. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या घराला कुठल्याही नदीपासून भय नाही, तापी इथून लांब आहे आणि मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झालीत, हे तिला माहीत आहे. मलाही माहीत आहे. तरी भाद्रपदात आभाळ भरून आलं की मी छत्री घेऊन कॉलनीच्या गटारापर्यंत जाऊन येतो. जाळीत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या काठीने काढतो. शेजारची पोरं माझ्यामागे मला गटारसाहेब म्हणतात, हे मी ऐकलंय. म्हणू देत. आमच्या गल्लीतलं गटार तुंबत नाही, एवढं खरं.

लोकांना वाटतं, पुराची भीती आषाढात. आषाढात आमच्याकडची काळी जमीन भेगाळलेली असते, कितीही पाणी पडलं तरी पिऊन टाकते. श्रावणातही पिते. भाद्रपदात तिचं पोट भरलेलं असतं, वरची धरणं भरलेली असतात, नाले काठोकाठ असतात. मग एखादी साधी सर आली तरी ती कुठेही न थांबता सरळ नदीत जाते. वरून सगळं किती छान दिसतं. कपाशीला पात्या लागलेल्या असतात, मुगाच्या शेंगा ओट्यावर वाळत पडलेल्या असतात, ऊन पडलं तर डोळे दिपतात. अशा दिवसांत माणसं निवांत होतात, आणि माझी काळजी तिथूनच सुरू होते.

मी मूळचा धुळ्याचा, देवपूरचा. वडील गिरणीत होते आणि गिरणी पांझरेच्या पलीकडे. पांझरा एरवी इतकी बारीक, की आम्ही पोरं तिच्यातून चपला हातात घेऊन पलीकडे जायचो. पण वर्षातून एखाददुसऱ्या दिवशी ती तांबडीलाल होऊन यायची आणि पुलावरची वाहतूक बंद व्हायची. आम्हाला मजा वाटायची. आई मात्र काठावर जाऊन उभी राहायची, कारण वडील पलीकडे अडकलेले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. पूर म्हणजे आपलं माणूस पलीकडच्या काठाला असणं, एवढंच मला त्या वयात कळलं होतं. पुढे इंजिनिअरिंगची पदविका घेतली, पाण्याचं सगळं गणित शिकलो, पण त्यात फारशी भर पडली असं वाटत नाही.

नोकरीतली पहिली नेमणूक कोकणात झाली, खारभूमीच्या कामावर. खानदेशातल्या माणसाने समुद्र पाहिला तोच मुळी हाताखाली चार मजूर आणि खांद्यावर बांधाची जबाबदारी घेऊन. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर असते. मध्ये फक्त एक मातीचा बांध. समुद्राच्या बाजूने दगड रचलेले, आतून चिकणमाती, आणि ओढा बाहेर पडतो तिथे उघाडी. उघाडी म्हणजे वरून बिजागरीवर टांगलेली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला बाहेर ढकलून निघून जातं. भरती आली की समुद्रच तिला दाबून बंद करतो. समुद्राच्याच जोराने समुद्राला अडवायचं, ही युक्ती मला इतकी आवडली की मी पहिल्या महिन्यात रोज दोन वेळा नुसता ती झडप बघायला जायचो. बांधाला खेकडे बिळं पाडतात. तिथल्या बाया रोज सकाळी बांधावरून चालत ती बिळं शोधायच्या आणि टाचेने चिखल दाबून बुजवायच्या. एक बीळ राहिलं तर खारं पाणी आत येणार आणि मग दोनतीन वर्षं त्या शेतात भात नाही.

तिथला एक म्हातारा शेतकरी मला म्हणाला होता, की समुद्राचं एक बरं असतं, तो दिवसातून दोनदा येऊन आठवण करून देतो. तेव्हा मी ते वाक्य कौतुकाने ऐकलं आणि विसरलो. बदली जळगाव जिल्ह्यात झाली, तेव्हा घरचं खायला मिळणार याच्याच आनंदात होतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ती वर्षं. तापीच्या उत्तर काठावरच्या एका गावात पूरसंरक्षक बांधाचं काम माझ्याकडे आलं. गाव उंचावर, पण गावाची बौद्ध वस्ती आणि तिच्या पुढची केळीची शेतं खालच्या अंगाला, जवळजवळ नदीच्या पात्रातच. साहेब लोक गमतीने म्हणायचे, समुद्र बांधून आलाय, याला तापी काय चीज आहे. मी हसायचो आणि मनात तसंच वाटायचं. कोकणातली युक्ती वापरून नाल्याच्या तोंडाशी लोखंडी झडप बसवली. बांध उभा राहिला. अडचण एकच होती, नदीवर जायचा रस्ता. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल त्या रस्त्याने तापीवर धुवायला जातात, गावची मयतही तिथूनच जाते. रस्ता बांधावर चढवून पलीकडे उतरवायचा तर दोन्ही अंगांनी बरीच जागा लागणार होती आणि ती देविदास आबांच्या केळीतून जाणार होती. आबा गावातले मोठे बागायतदार, स्वभावाने सरळ. त्यांनीच सुचवलं, की बांधात खिंड ठेवा आणि पूर आला की फळ्या लावा. मला ते पटलं. खिंडीच्या दोन्ही अंगांना दगडी खांब बांधले, खांबांना उभ्या खाचा ठेवल्या, आणि त्यात एकावर एक उतरवायला सागाच्या सात जाड फळ्या करून घेतल्या. प्रत्येकीवर लाल रंगाने मी स्वतः आकडा घातला. फळ्या ठेवायला बांधाशेजारी पत्र्याची शेड, आणि तिची किल्ली खात्याच्या मजुराकडे, सुपडू नानांकडे.

आता मला त्या वस्तीतल्या शांताक्कांबद्दल सांगायला हवं. साठीच्या आतबाहेरच्या, उंच, आवाज खणखणीत. मी पहिल्यांदा वस्तीत गेलो तेव्हा जयभीम म्हणालो, तर त्यांनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आपला पोरगा साहेब झाला म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर मी त्यांचा भाऊ. दुपारची भाकरी मी कामावर न खाता त्यांच्याकडे खायचो. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. त्यांच्याकडूनच मला कळलं, की या वस्तीची पुराशी वागायची स्वतःची पद्धत होती. काठावर एक काळा दगड होता. पाणी त्या दगडाला लागलं की कोणी कोणाला विचारायचं नाही. आधी ज्वारीच्या कोठ्या, मग शेळ्या, मग लेकरं आणि म्हातारी माणसं, अशा क्रमाने सगळी वस्ती वर शाळेत जायची. शाळेची एक किल्ली कायम वस्तीत असायची. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं होतं. कधी दगडाला पाणी लागून परत उतरायचं, हलणं फुकट जायचं. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही.

बांध पुरा झाला त्या दिवशी वस्तीतल्या विहारासमोर माणसं जमली होती. मला चार शब्द बोलायला लावलं. मी म्हणालो, आता तुम्हाला हलायची गरज नाही. टाळ्या पडल्या. शांताक्कांनी डोळ्यांना पदर लावला. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. नोकरीत आलेल्या, शिकलेल्या, आपल्या माणसांत उभ्या असलेल्या तरण्या माणसाची फुगावी तशीच फुगली होती.

दोन पावसाळे गेले. नदी काळ्या दगडाच्या खालूनच परत फिरली. वस्तीने शाळेची किल्ली मास्तरांना देऊन टाकली. कोठ्या उचलायचे दोर कुणी झोळीला बांधले, कुणी विहिरीला. मी दौऱ्यावर गेलो की हे बघायचो आणि मला बरंच वाटायचं, म्हणजे लोकांचा भरवसा बसला असं वाटायचं.

बायको विचारते, एवढं काय आठवत बसता. समोर भाजीवाला ओरडत असतो, रिक्षा उभी असते, रस्त्यावर पाणी वाहून गेलेलं असतं. मी म्हणतो, काही नाही. मग आत जाऊन रेडिओ लावतो आणि धरणाची बातमी येते का ते बघतो.

तिसऱ्या वर्षी पोळा होऊन गेला आणि तीन दिवस पावसाची झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी कचेरीत निरोप आला, की वरून पाणी सोडलंय, काठावरच्या गावांत जा. मी जीपने निघालो. वाटेत केळीच्या बागा वाऱ्याने फाटलेल्या, रस्त्यात पानांचा चिखल. गावाशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि चक्क ऊन पडलं होतं. काळा दगड पाण्याखाली गेला होता. मी सरळ शेडकडे गेलो, कुलूप उघडं होतं आणि आत एकही फळी नव्हती.

सुपडू नाना माझ्यासमोर उभे राहिले. डोळे खाली, पण चूक केल्यासारखा चेहरा नव्हता. म्हणाले, "साहेब, आबाना ट्रक फसना व्हता. मीच दिन्यात. फसेल गाडीले नही कसं म्हनू?"

खानदेशातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. काळ्या मातीत गाडी फसली की ज्याच्याकडे जे असेल ते त्याने द्यायचं. दोर, पहार, बैल, खांदा. शत्रूची गाडी फसली तरी चाक आधी काढायचं आणि भांडण मग करायचं. आबांच्या केळीचे घड भरलेला ट्रक दोन दिवस मळ्यात रुतून बसला होता, माल काळा पडायला लागला होता. नानांनी शेड उघडली आणि सातही फळ्या चाकांखाली गेल्या. ट्रक निघाला. फळ्या चिखलात राहिल्या, कारण पाऊस उघडला की आणू असं सगळ्यांनाच वाटलं. आबा, नाना, वस्तीतलीच धक्का मारायला गेलेली माणसं, कोणीही वाईट नव्हतं. समुद्र असता तर त्याच संध्याकाळी येऊन त्याने आठवण करून दिली असती. तापी तीन वर्षांनी आली.

आबा स्वतः धोतर खोचून माणसं घेऊन मळ्यात पळाले. मळा लांब, रस्ता गुडघाभर चिखलाचा. ओलं सागवान, एकेका फळीला चार माणसं. मी खिंडीत उभा राहून अंदाज बांधत होतो. पाणी खिंडीच्या उंबऱ्याला लागायला अजून वेळ होता. एक तास मिळाला तर जमेल, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं.

आणि या वेळेला मी वस्तीत गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. बहुधा हला म्हणून सांगायलाच गेलो होतो. शांताक्का दारात सुपात ज्वारी पाखडत होत्या. त्यांचे मालक, भिका नाना, आत बाजेवर होते. पोळ्याच्या आधी बैलगाडीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं होतं, पायाला फळकुटं बांधलेली होती आणि डॉक्टरांनी जराही हलवू नका म्हणून बजावलं होतं. अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि मला विचारलं, "भाऊ, हालानं का?"

मी म्हणालो, "नको अक्का. फळ्या येताहेत."

एवढंच. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, फळ्या खरोखरच येत होत्या. पण हला म्हणालो असतो तर विहारासमोरचे माझे चार शब्द खोटे पडले असते, आणि ते मला त्या घटकेला जड वाटलं. भीतीपेक्षाही लाज मोठी असते, हे मी तेव्हा स्वतःवरूनच शिकलो. अक्कांनी सूप पुन्हा हातात घेतलं. त्यांचं बघून शेजारचीही माणसं घराबाहेर आली नाहीत.

फळ्या आल्या. पहिली, दुसरी, तिसरी. खाचांत दोन वर्षांची माती बसलेली, ती पहारीने खरवडून काढावी लागली. चौथीला ट्रकच्या चाकाने कड फुटलेली. पाचवी उतरवेपर्यंत बाहेरचं पाणी तिसरीच्या वर चढलं होतं आणि फटींतून आत चिळकांड्या उडत होत्या. खताच्या गोण्यांत माती भरून आतून टेकू देत होतो. सहावी तिरकी अडकली. तिला वर काढून पुन्हा उतरवण्यात किती वेळ गेला कोण जाणे. ती बसली तेव्हा मी मान वर केली, आणि पाण्याकडे बघून मला कळलं, की सातवी लागली तरी भरवसा नाही. मी वस्तीकडे पळालो.

घराघरांतून ओरडत गेलो, हला, शाळेत चला. माणसं गोंधळून बघत राहिली. दोर नव्हते, किल्ली मास्तरांकडे. तरी उठली बिचारी. शांताक्का मात्र दारातून हलल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मंघाशी तर नको म्हनं तू."

मी त्यांच्या बाजूने डोकावलो. आत भिका नाना बाजेवर डोळे मिटून पडले होते. बाज दारातून बाहेर निघत नव्हती, ती आतच विणलेली, दारापेक्षा रुंद. पाठीवर घ्यावं तर मोडलेली मांडी. अक्का त्यांना सोडून जाणार नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं. गल्लीत पाण्याचा पहिला ओघळ आला. तेवढ्यात समोरून चार माणसं खांद्यावर सातवी फळी घेऊन खिंडीकडे निघालेली दिसली. पुढे सुपडू नाना.

मी त्यांना अडवलं. फळी आत घ्या म्हणालो. नाना थबकले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खिंडीकडे. "साहेब, मंग तठे काय लावानं?"

मी म्हणालो, काही नाही. फळी आत घ्या.

तिच्यावर गोधड्या टाकल्या. भिका नानांना अलगद सरकवून वर घेतलं आणि अक्कांच्या नऊवारी लुगड्याने छातीपासून पायापर्यंत फळीला बांधलं. फळी हातभर रुंद, पण सरळ, जराही न वाकणारी. मी केलेल्या सगळ्या बांधकामात तेवढी एक गोष्ट त्या दिवशी नेमकी जिथे हवी तिथे लागली. चार जणांनी उचललं. भिका नाना एकदाच कळवळले. अक्का एका हाताने त्यांचं डोकं धरून शेजारून चालत होत्या आणि मी मागून. वर शाळेच्या पायऱ्यांवर पोचून मागे वळून पाहिलं, तर सहाव्या फळीवरून तापी आत येत होती. गोण्या वाहून गेल्या होत्या. पाण्याचा आवाज असा काही मोठा नव्हता. ऊन पडलेलं होतं, त्यात ते पाणी चमकत होतं, आणि शाळेच्या व्हरांड्यातून सगळी वस्ती आपापल्या घराकडे बघत उभी होती. कोणी रडलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत कमरेइतकं पाणी झालं. संध्याकाळच्या आत काही घरांच्या मातीच्या भिंती बसल्या, त्यांत अक्कांचं घर होतं. वर्षाची ज्वारी कोठीसकट गेली. माणूस एकही गेला नाही.

चौकशीत मला विचारलं गेलं, की सातवी फळी जागेवर का नव्हती. मी लिहून दिलं, की एका जखमी माणसाला हलवायला वापरली. वरिष्ठांनी ते वाचून फाईल मिटली. माझ्यावर ठपका आला नाही. पण त्याआधीच्या एका तासाबद्दल मला कोणी विचारलंच नाही, आणि मीही कुठे लिहिलं नाही. तो तास माझ्याजवळच राहिला. फळी लावली असती तर घरं वाचली असती का, याचा हिशोब मी नंतर पुष्कळदा मांडला, दर वेळी उत्तर वेगळं आलं. पण सकाळी हला म्हणालो असतो तर काय झालं असतं, त्याला हिशोब लागत नाही. कोठ्या वर गेल्या असत्या, भिका नानांना सावकाश नेता आलं असतं, आणि सातही फळ्या खिंडीत असत्या.

पुढच्या भाद्रपदात मी पुन्हा त्या गावी गेलो. खिंड बुजवून रस्ता बांधावरून नेला होता, आबांनी न मागता केळीतली जागा दिली होती. वस्तीत नव्या भिंती उभ्या होत्या. भिका नाना काठी टेकत फिरत होते. नदी चढत होती, पण काळ्या दगडाच्या बरीच खाली होती. बांध पक्का, खिंड नाही, झडप मी स्वतः हलवून बघितलेली. या खेपेला भीतीचं खरंच काही कारण नव्हतं. तरी वस्तीतली माणसं कोठ्या बाहेर काढत होती. दोर नवे होते. मी शांताक्कांच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, अक्का, पाणी अजून खूप खाली आहे.

त्यांनी कोठीला दोर आवळला, गाठ मारली. मग माझ्याकडे वळून, पूर्वीसारख्याच मायेने, म्हणाल्या, "भाऊ, आते तू काही बी सांग, आम्ही हालसूत."

मला ते लागलं. मी खानदेशातला, त्यांच्यातला, त्यांचा भाऊ, आणि माझ्या शब्दाला तिथे आता किंमत उरली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी खाली वाकलो. आणि वाकलोच होतो, म्हणून कोठीचं दुसरं टोक धरलं. कोठी जड होती, काठोकाठ भरलेली. आम्ही दोघं ती घेऊन शाळेकडे चालायला लागलो, आणि वर्षभरात पहिल्यांदा माझ्या छातीवरचं ओझं थोडं हललं.